उपनगरात नव्याने राहायला आल्यावर वाचनालय आणि नागरी सेवा कशा वापराव्यात

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपण साताऱ्याहून ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या गृहसंकुलात राहायला आला आहात. घरात चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे, इंग्रजी माध्यमात चौथीत शिकणारी मुलगी आणि राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारा पुतण्या आहे. साताऱ्यात नगरवाचनालय घरापासून जवळ होते आणि तिथली माणसे ओळखीची होती, येथे मात्र कोणती सेवा कुठे मिळते हेच समजत नाही. शिवाय सगळे काही मोबाइलवर मिळत असताना वाचनालयाची वर्गणी भरण्यात काही अर्थ आहे का, अशी शंका घरातूनच निघाली आहे. ठाणे जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांत ग्रंथपाल म्हणून माझे नोकरीचे आयुष्य गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शंकेचे उत्तर आधी देतो. वर्गणी अवश्य भरावी, कारण आपल्यासारख्या नव्याने आलेल्या कुटुंबाला वाचनालयातून पुस्तकांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट मिळते, आणि ती म्हणजे त्या गावातल्या संस्था, कार्यालये, वर्ग, संघ आणि माणसे यांची खात्रीलायक माहिती. ही माहिती कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. देवघेव विभागाच्या टेबलाशी उभे राहून विचारणाऱ्याला ती मिळते, न विचारणाऱ्याला मिळत नाही. मी पुढे जे लिहिणार आहे, त्याचा मुख्य मुद्दा हाच आहे.

ठाणे, डोंबिवली, कल्याण, मुलुंड, पार्ले या पट्ट्यात ‘वाचनालय’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रकारच्या व्यवस्था चालतात, आणि त्यांतला फरक ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक चुकीच्या ठिकाणी चुकीची अपेक्षा घेऊन जातात. नोंदणीकृत संस्थांनी चालवलेली आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली शासनमान्य असलेली सार्वजनिक ग्रंथालये हा पहिला प्रकार आहे. दुसरा प्रकार महापालिकेच्या वाचनालयांचा आणि अभ्यासिकांचा आहे. त्यांत वृत्तपत्रे आणि अभ्यासाला बसण्याची जागा यांवर भर असतो आणि घरी नेण्यासाठी पुस्तके असतीलच असे नाही. तिसरा प्रकार खासगी वाचनालयांचा असून तेथे मासिक शुल्कावर ललित पुस्तके मिळतात आणि काही ठिकाणी ती घरपोचही केली जातात. याखेरीज हल्ली गृहसंकुलांच्या क्लब हाऊसमध्ये रहिवाशांनी दिलेल्या पुस्तकांचे एखादे कपाट असते. नव्या कादंबऱ्या वेळेवर आणि घरबसल्या हव्या असतील तर खासगी वाचनालय चांगले. परंतु जुनी पुस्तके, संदर्भग्रंथ, मासिकांचे मागील अंक आणि सभासद म्हणून काही अधिकार या गोष्टी पहिल्या प्रकारातच मिळतात, म्हणून कुटुंबाचे मुख्य सभासदत्व तेथे असावे असे माझे स्पष्ट मत आहे.

या ग्रंथालयांची घडण कशी झाली हे समजले, तर त्यांच्याशी कसे वागावे हेही समजते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवावे हा त्यामागचा विचार होता आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा आहे आणि ग्रंथालय हे त्याच्या अनेक सामाजिक कामांपैकी एक काम आहे. यांतली कोणतीही संस्था सरकारने काढली नाही. रेल्वेने मुंबईला जाऊन नोकरी करणाऱ्या, वकिली करणाऱ्या आणि शाळेत शिकवणाऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून, घरोघरी पुस्तके मागून त्या उभ्या केल्या.

कायदा पुष्कळ नंतर आला. मद्रास राज्याने १९४८ मध्ये ग्रंथालय कायदा करताना मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि त्यातून ग्रंथालये चालवण्याची सोय केली. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात असा उपकर ठेवला नाही; येथे शासन संस्थांना मान्यता देते, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरवते आणि त्या वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालू ठेवण्यासाठीचे पैसे, देते. उरलेला खर्च संस्थेने वर्गणीतून, देणग्यांतून आणि सभागृहाच्या भाड्यातून भागवायचा असतो. याचा परिणाम आपल्याला पहिल्याच भेटीत दिसेल. इमारत जुनी असेल, कर्मचारी मोजके असतील, दुपारी काही तास ग्रंथालय बंद राहील. हे अनास्थेमुळे होते असा पुष्कळांचा समज असतो आणि तो मला नेहमी दुखावतो, कारण अत्यंत तुटपुंज्या पगारावर आयुष्य काढलेले ग्रंथालय सेवक मी जवळून पाहिले आहेत. पुस्तकांची संख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास अशा गोष्टी वर्ग ठरवताना आणि तपासणीच्या वेळी पाहिल्या जातात. म्हणून आपले नाव सभासद नोंदवहीत येणे आणि आपण नियमाने पुस्तक बदलणे, यानेसुद्धा त्या संस्थेला प्रत्यक्ष मदत होते.

पहिल्या भेटीला जाताना आधार कार्डाची प्रत, छायाचित्रे आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत ठेवावा. आधारवरचा पत्ता अजून साताऱ्याचा असेल, तर भाडेकराराची प्रत किंवा गृहनिर्माण संस्थेचे पत्र चालते का, हे आधी दूरध्वनी करून विचारावे. काही ग्रंथालये एखाद्या जुन्या सभासदाची शिफारस मागतात. ओळख नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. बहुतेक ठिकाणी कार्यकारी मंडळातील कोणीतरी मार्ग काढून देते. अनामत रक्कम आणि वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनामत परत मिळते आणि ती परत घेताना मूळ पावती मागितली जाते, म्हणून ती पावती घराच्या कागदपत्रांत नीट ठेवावी. एका वेळी किती पुस्तके मिळतात, किती दिवस ठेवता येतात, मुदत दूरध्वनीवरून वाढवून मिळते का, मासिकांची वर्गणी वेगळी आहे का, साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते आणि दुपारची बंद राहण्याची वेळ कोणती, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. दिवाळी अंकांची योजना असल्यास तिची चौकशी सप्टेंबरपासूनच करावी. ठरावीक रक्कम भरून दोन-तीन महिने अंक आळीपाळीने घरी नेता येतात. इतके अंक विकत घेणे कोणत्याही एका कुटुंबाला परवडणार नाही, आणि योजनेत उशिरा नाव देणाऱ्याला चांगले अंक फार उशिरा मिळतात.

पुस्तक शोधण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ‘तुमच्याकडे हे पुस्तक नाही’ असे समजून परत जाणाऱ्या वाचकांपैकी अनेकांचे पुस्तक कपाटात असते. काही ग्रंथालयांत कपाटे वाचकांसाठी खुली असतात, काही ठिकाणी चिठ्ठीवर नाव लिहून द्यावे लागते. संगणकावरील यादीत मराठी नाव शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा जोडाक्षराचा किरकोळ फरक पडला तरी नोंद सापडत नाही. शिवाय जुन्या काही नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात. म्हणून पुस्तकाच्या पूर्ण नावाऐवजी त्यातला एकच सोपा शब्द टाकावा किंवा लेखकाच्या आडनावाने शोधावे. आडनावातही अडचण असते. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या कादंबऱ्या खानोलकर या नावाखाली सापडतील, पण त्यांच्या कविता आरती प्रभू या नावाखाली असतील. विवाहानंतर नाव बदललेल्या लेखिकांची पुस्तके दोन आडनावांत विभागलेली असणे हेही नेहमीचे आहे. हे सर्व करूनही पुस्तक सापडले नाही, तर ग्रंथपालांना विचारावे आणि विचारताना नावाबरोबर आपल्याला ते कशासाठी हवे आहे हेही सांगावे. ‘पानिपतावर काही आहे का’ असे विचारणाऱ्याला एखादी कादंबरी हातात मिळेल. ‘पानिपतच्या मोहिमेतील रसद आणि पैशाच्या अडचणींविषयी वाचायचे आहे’ असे सांगणाऱ्याला पत्रव्यवहाराचे खंड आणि इतिहास संशोधकांचे निबंध काढून दिले जातील. ग्रंथपालाचे खरे कौशल्य येथे लागते आणि असा प्रश्न घेऊन येणारा वाचक आला की त्यालाही मनापासून आनंद होतो.

आता मुलीविषयी. तिचे सभासदत्व बालविभागात आणि तिच्या स्वतःच्या नावाने घ्यावे. पुस्तक तिने निवडावे, टेबलापर्यंत तिने न्यावे आणि नोंद होताना तिने उभे राहावे. इंग्रजी माध्यमातील मुले मराठी उत्तम बोलतात पण वाचताना जोडाक्षरांपाशी अडखळतात, आणि अडखळण्याची लाज वाटू लागली की पुस्तक बाजूला ठेवतात. अशा मुलांना वयाच्या मानाने दोन इयत्ता खालची, मोठ्या टाइपातली आणि चित्रे असलेली पुस्तके सुरुवातीला द्यावीत, मात्र ‘हे लहान मुलांचे आहे’ असे कोणीही म्हणू नये. आठवड्यातून काही वेळा आपण किंवा आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवावे. आजोबा वाचतात आणि नात ओळीवरून बोट फिरवते, अशी सवय लागलेल्या घरांतली मुले काही महिन्यांत स्वतंत्रपणे वाचू लागलेली मी पाहिली आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यातल्या गोष्टी छोट्या असल्याने अशा वाचनासाठी ते विशेष सोयीचे आहे.

तिने अर्धे वाचून परत केलेल्या पुस्तकाबद्दल तिला विचारणा करू नये. वाचनालयाचा मोठा लाभ हाच आहे की न आवडलेले पुस्तक परत करण्यात काही नुकसान होत नाही, तर विकत घेतलेले पुस्तक संपवण्याचा आग्रह घरात आपोआप सुरू होतो. ती भुतांच्या गोष्टींची किंवा हेरकथांची मालिका ओळीने संपवत असेल तर संपवू द्यावी. संस्कारांची पुस्तके हाती देण्याची घाई करणाऱ्या पालकांना मी नेहमी हेच सांगत आलो, आणि या बाबतीत माझे मत बदललेले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत अनेक ग्रंथालये कथाकथन, हस्ताक्षर, नाट्यवाचन अशी शिबिरे घेतात; त्यांची सूचना बहुधा मार्च-एप्रिलमध्ये ग्रंथालयाच्या फलकावरच लागते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या सुमारास होणाऱ्या कार्यक्रमांना तिला घेऊन जावे. तेथे तिला तिच्यासारखीच वाचणारी मुले भेटतील, आणि नव्या गावात आलेल्या मुलाला मित्रांची गरज पुस्तकांपेक्षा अधिक असते.

पुतण्यासाठी पहिली गरज अभ्यासिकेची आहे. महापालिकेच्या आणि संस्थांच्या अभ्यासिकांत शुल्क कमी असते, परंतु जागा मर्यादित असतात आणि पूर्वपरीक्षेच्या आधीच्या महिन्यांत प्रतीक्षायादी लागते. त्यामुळे त्याने आताच नाव नोंदवावे. अभ्यासिका पाहताना पंखे आणि दिवे यांबरोबरच रात्री किती वाजेपर्यंत ती उघडी असते आणि त्या वेळी घोडबंदर रस्त्याने परतण्यासाठी बस मिळते का, हेही पाहावे. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन करते. तेथील प्रवेशाच्या वेळापत्रकाची चौकशी त्याने स्वतः जाऊन करावी. खासगी वर्गांची मोठी फी भरण्याआधी हा पर्याय तपासून पाहिला नाही, असे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत होते आणि त्याचे वाईट वाटते.

अभ्यासिकेत बसणारी मुले स्वतःची नोट्स घेऊन येतात आणि त्याच इमारतीतल्या संदर्भ विभागाकडे वळतही नाहीत. वास्तविक मुख्य परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या तयारीला तोच विभाग उपयोगी पडतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड तेथे असतात आणि ते आता संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत. एखाद्या विषयाची मराठी परिभाषा पक्की करण्यासाठी त्यांच्यासारखे साधन नाही. ठाणे जिल्ह्याचे ब्रिटिशकालीन गॅझेटिअर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिल्ह्याची जमीन, तलाव, बंदरे, मिठागरे आणि आदिवासी वस्ती यांचे त्यातील वर्णन वाचून आजच्या स्थितीशी तुलना करणारा उमेदवार मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. महाराष्ट्र शासनाचे ‘लोकराज्य’ मासिक आणि वृत्तपत्रांचे जतन केलेले अंकही येथे पाहता येतात. घरी बसून वाचायचे असेल, तर आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर नोंदणी विनामूल्य आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाने आपल्या दुर्मीळ जुन्या पुस्तकांचे संगणकीकरण केले आहे, हेही अभ्यासकाने लक्षात ठेवावे.

सासऱ्यांच्या बाबतीत माझा आग्रह असा राहील की त्यांच्यासाठी पुस्तके केवळ घरी आणून देऊ नयेत. शक्य तोवर त्यांना तेथे न्यावे. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांचा वृत्तपत्र विभाग कोणालाही विनाशुल्क खुला असतो. सकाळी ठरलेल्या वेळी तेथे येणारे ज्येष्ठ वाचक एकमेकांना ओळखतात. एखादा दोन दिवस दिसला नाही तर घरी दूरध्वनी करून चौकशी करतात. गाव सोडून मुलाकडे राहायला आलेल्या माणसाचा एकटेपणा घरच्यांना लवकर कळत नाही, कारण तो तक्रार करत नाही. साताऱ्यात त्यांना नावाने हाक मारणारी माणसे होती. येथे तशी माणसे मिळण्याची सर्वांत खात्रीची जागा वृत्तपत्र विभाग, ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्र या आहेत. आपल्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघ कोठे भरतो हे संकुलाच्या व्यवस्थापकाला ठाऊक नसेल, पण वृत्तपत्र विभागात बसलेल्या कोणालाही ठाऊक असेल. या संघांत मासिक सभा, आरोग्य तपासणी, सहली आणि व्याख्याने होतात, आणि पेन्शन किंवा हयातीचा दाखला यांसारख्या कामांत सभासद एकमेकांना मदत करतात.

जुन्या इमारतींत ग्रंथालय पहिल्या मजल्यावर असते आणि उद्वाहन नसते, ही अडचण खरी आहे. गुडघे दुखत असतील तर घरच्या कोणाला प्रतिनिधी म्हणून पुस्तक बदलता येईल असे लेखी कळवून ठेवावे. बहुतेक ग्रंथालये हे मान्य करतात. नजर कमी झाली असेल तर आधी नेत्रतपासणी करून घ्यावी, कारण मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेले अनेक ज्येष्ठ ‘आता वाचावेसे वाटत नाही’ एवढेच सांगतात. दृष्टिदोषामुळे किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचणे खरोखरच अशक्य झालेल्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ मध्ये सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय आहे. त्यावरील पुस्तके ध्वनिरूपात ऐकता येतात किंवा संगणकाकडून वाचून घेता येतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे. आरोग्य, निवृत्तिवेतन, कायदेशीर अडचण किंवा छळ यांपैकी कशासाठीही तिचा उपयोग होतो. हा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये साठवून द्यावा आणि मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळही लावावा.

महापालिकेच्या आणि शासनाच्या सेवांबद्दल मी मोजकेच लिहितो, कारण त्यांची पद्धत एकदा समजली की प्रत्येक कामाला तीच लागू पडते. ठाणे महापालिकेचे काम प्रभाग समित्यांमध्ये विभागलेले आहे आणि घोडबंदर पट्ट्याचा बराच भाग माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत येतो. आपला प्रभाग कोणता, हे मालमत्ता कराच्या देयकावर पाहावे. त्यामुळे पाणी, कचरा, जन्म-मृत्यू नोंद, कर अशा कामांसाठी मुख्यालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. कोणती सेवा किती दिवसांत, ती देण्याची जबाबदारी असलेला पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावलेला असणे बंधनकारक आहे. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातून करता येतो. पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर पहिले आणि दुसरे अपील त्याच यंत्रणेतील वरिष्ठांकडे आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते. बहुतेक कामे अपिलापर्यंत जात नाहीत. फलकावरील मुदतीचा शांतपणे उल्लेख केला तरी पुरते.

कायदेशीर सल्ल्याचीही अशीच एक सोय आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना, बालकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि आणखी काही घटकांना मोफत विधी सहाय्य मिळते, आणि महिलांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही हे सांगून ठेवावे. त्यांना त्याची गरज आपल्यापेक्षा अधिक असण्याचा संभव आहे.

आपण असेही विचारले आहे की संकुलातल्या क्लब हाऊसमध्ये स्वतंत्र वाचनालय काढावे का. माझ्या अनुभवात अशी वाचनालये उत्साहाने सुरू होतात आणि वर्ष-दोन वर्षांत थंडावतात, कारण घरातली नको असलेली पाठ्यपुस्तके आणि जुनी मासिके त्यांत जमा होतात, नवे काही येत नाही आणि नोंद ठेवणारी व्यक्ती एकटी पडते. त्याऐवजी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी बोलून ठरावीक पुस्तकांची पेटी संकुलात आणावी आणि काही महिन्यांनी ती बदलून घ्यावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम अशाच पेट्यांवर चालतो आणि तो महाराष्ट्राबाहेरच्या, तसेच परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचला आहे. पेटी पद्धतीत पुस्तकांची निवड, नोंद आणि डागडुजी ग्रंथालयाकडे राहते. संकुलाने एक कपाट, एक नोंदवही आणि आळीपाळीने काम पाहणारे तीन-चार रहिवासी एवढेच पुरवायचे असते. ग्रंथालयाला नवे सभासद मिळतात, हा त्याचा लाभ. पुस्तके भेट द्यायची असतील, तर आधी यादी पाठवावी आणि ग्रंथपालांनी निवडलेलीच द्यावीत. पोती भरून आणलेली पुस्तके नाकारणे कर्मचाऱ्यांना जड जाते आणि स्वीकारली तर ठेवायला जागा नसते.

सभासद झाल्यावर दोन गोष्टींचा उपयोग जरूर करावा. प्रत्येक ग्रंथालयात मागणीची किंवा सूचनांची वही असते. हवे असलेले पुस्तक लेखक आणि प्रकाशकासह तीत लिहावे. चार वाचकांनी तीच मागणी लिहिली की खरेदीच्या यादीत ते पुस्तक येते, हे मी स्वतः खरेदी समितीत बसून पाहिले आहे. दुसरी गोष्ट वार्षिक सर्वसाधारण सभा. संस्थेच्या घटनेनुसार सभासदाला तेथे हिशेब विचारण्याचा आणि बहुधा मतदानाचा अधिकार असतो, तरीही त्या सभेला गणपूर्तीसाठी थांबावे लागते. घोडबंदर रस्त्याकडे शाखा काढावी, बालविभागाची वेळ शाळा सुटल्यानंतरची असावी, ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर सोय करावी, अशा मागण्या तेथे मांडल्या तर इतिवृत्तात नोंदल्या जातात आणि कार्यकारी मंडळाला त्यांचे उत्तर द्यावे लागते. या भागात लोकवस्ती जितक्या वेगाने वाढली तितक्या वेगाने ग्रंथालये वाढली नाहीत, आणि ती वाढण्यासाठी नव्या रहिवाशांनीच मागणी करावी लागेल.

पहिल्या भेटीसाठी शनिवार-रविवार टाळून आठवड्यातील एखाद्या दिवशी सकाळी जावे. त्या वेळी देवघेवीच्या टेबलाशी गर्दी नसते आणि ग्रंथपालांना बोलायला सवड असते. घरातल्या प्रत्येकाने वाचायची इच्छा असलेल्या दोन-तीन पुस्तकांची नावे कागदावर लिहून न्यावीत आणि ज्येष्ठ नागरिक संघ, अभ्यासिका व बालविभाग यांची चौकशी त्याच भेटीत करावी. सासरे सोबत असतील तर त्यांना वृत्तपत्र विभागात बसवून आपण अर्ज भरावा. पावसाळ्याचे दिवस असल्यास पुस्तकांसाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेवावी, कारण भिजलेले पुस्तक वाळवले तरी बुरशी धरते आणि ती शेजारच्या पुस्तकांना लागते.